घडवलेली सुरी घ्यावी का?

ओसाकाजवळच्या सकाई शहरात हाताने घडवलेल्या सुऱ्या हल्ली इथेही विकत मिळतात. किंमत ऐकून छाती दडपते, तरी माझ्या मते त्या जरूर घ्याव्यात. मात्र पोलादाची जात विचारूनच. स्टेनलेसमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते सहसा गंजत नाही. साध्या कार्बन पोलादाला हे संरक्षण नसतं, पण धार झकास लागते. कांदा, लिंबू, कैरी चिरली की ते काळं पडतं. तो काळा थर निर्धोक. तांबडा गंज मात्र घासून काढावा. आपल्या आज्यांच्या विळ्या अशाच होत्या. चिरून झालं की लगेच धुऊन, कोरडी पुसून ठेवायची, ही शिस्त घरातल्या सगळ्यांना पाळता येणार असेल तरच कार्बनची सुरी घ्या. ती डिशवॉशरमध्ये गेली, तर लोहाराचे कष्ट आणि आपले पैसे दोन्ही पाण्यात!