मुकी फ्रेंच

मी शाळेत चित्रकला शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यावर चित्रकलेची एक पदविका. आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन. तेव्हा फ्रेंचच्या अध्यापनाबद्दल बोलण्याचा तुला अधिकार काय, असे कोणी विद्वानाने विचारले तर मान खाली घालण्यावाचून मला गत्यंतर नाही. पण गेल्या वर्षी एका ऑफ तासाला नववीच्या फ्रेंचच्या वर्गावर माझी रवानगी झाली, आणि तेव्हापासून मनात जे खदखदते आहे ते, फराळाच्या दिवसांत वाचकांच्या तोंडाची चव बिघडवण्याचा धोका पत्करून, आज बोलून टाकतो.

फ्रेंचमध्ये शंभरापैकी शहाण्णव गुण मिळवणारी एक मुलगी त्या वर्गात होती. मी तिला सहज विचारले, “बाळ, मला भूक लागली आहे, हे फ्रेंचमध्ये कसे म्हणतात गं?” पोरगी उभी राहिली, गोंधळली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, “सर, हे कितव्या धड्यात आहे?”

दोष त्या पोरीचा नाही. तिने क्रियापदांचे तक्ते घोकले होते, उताऱ्यांची भाषांतरे पाठ केली होती, गाळलेल्या जागा मन लावून भरल्या होत्या. बाईंनीही नियम नि नियम समजावून दिला होता. इंग्रजीतून, आणि अडले तिथे मराठीतून. वर्गात फ्रेंच तेवढी कोणी बोलले नव्हते! संस्कृतपेक्षा हिला गुण पडतात म्हणून आईबापांनी ती घ्यायला लावली, गुण पडले, पेढे वाटले, प्रकरण मिटले. मी जर मुलांकडून रेषेची व्याख्या पाठ करून घेतली, छायाप्रकाशावर टिपणे दिली आणि वर्षभर कोणाच्या हाती पेन्सिल म्हणून दिली नाही, तर मुख्याध्यापक मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. भाषेच्या मास्तराला मात्र हे सारे माफ.

नदी ती, डोंगर तो, झाड ते. हे आपल्या तीन वर्षांच्या पोराला कोणत्या तक्त्यातून कळले? एकोणिसाव्या शतकात फ्रांस्वा ग्वँ नावाचा एक फ्रेंच मास्तर जर्मन शिकायला हांबुर्गला गेला. खोलीत बसून त्याने व्याकरण पाठ केले, २४८ अनियमित क्रियापदे पाठ केली, पुढे शब्दकोशावरही हल्ला चढवला. बाहेर आला तर लोकांचे एक वाक्य समजेना! हरून घरी परतला, तो मधल्या काळात त्याचा तीन वर्षांचा भाचा आपल्या भाषेत घडाघडा बोलू लागलेला. १८८० साली त्याने यावर पुस्तक लिहिले. आमच्या शाळांपर्यंत त्याची वार्ता अजून पोचायची आहे.

दुसरीकडे ती पोचली. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लँबर्ट येथे इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी हट्ट धरला आणि १९६५ साली त्यांच्या बालवाडीत सारा व्यवहार फ्रेंचमधून सुरू झाला. याला तिकडे ‘इमर्शन’ म्हणतात. आपण बुडी म्हणू. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीने तोच कित्ता स्पॅनिशसाठी गिरवला. आणि बुडी फक्त बाळांनीच मारावी असे नाही. कॅनडात बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होणारे वर्गही आहेत. तिथली मोठी मुले इतिहास-भूगोल फ्रेंचमधून शिकतात. भाषा हा विषय न राहता कामाची वस्तू होते, ते असे.

त्यांचेही सारे गोडच आहे असे नाही. वॅलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सेंट लँबर्टची मुले वर्षानुवर्षे तपासली. ऐकण्या-वाचण्यात ती उत्तम निघाली, पण बोलण्या-लिहिण्यात चुका राहिल्या. मेरिल स्वेन या विदुषीने १९८५ साली त्याचे कारण मांडले: मुले ऐकतात पुष्कळ, बोलतात कमी, नेटके बोलण्यावाचून अडावे अशी वेळच त्यांच्यावर येत नाही. पाहा, दिवसभर फ्रेंच कानी पडूनही ज्यांचे तोंड पुरते उघडले नाही त्यांची ही गत. मग आमच्या शहाण्णव गुणांचे काय!

इथे एक सावधगिरीचा शब्द. ‘मग आमची इंग्रजी शाळा म्हणजे बुडीच की’, असे म्हणणारे आईबाप मला दर जूनमध्ये भेटतात. त्यांनी नीट पाहावे. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी घरात होती, साऱ्या खंडभर होती, आणि पुढच्या इयत्तांत शाळेतही शिकवली गेली. आमच्या गावी पोराला पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडतात. वर काठावर काका उभा असतो. घरातली मराठी काढून घेऊन पोराला इंग्रजीत लोटणे याला आमच्याकडे पोहणे म्हणत नाहीत.

हे सारे मी शिक्षकांच्या खोलीत बोललो. फ्रेंचच्या बाई रागावल्या नाहीत, उलट हळूच म्हणाल्या, “सर, मलाच बोलायची सवय राहिली नाही हो.” त्यांच्या प्रामाणिकपणाला माझा नमस्कार. वरिष्ठांचे उत्तर निराळे होते: “मग पोर्शन कोण पुरा करणार?” जणू पोर्शन ही कोणी कुलदेवता आहे आणि तिला नैवेद्य चुकला तर शाळा बुडेल!

म्हणून मी लेखी अर्ज दिला आहे. गुरुवारचा माझा चित्रकलेचा तास फ्रेंचला द्यावा. मात्र त्या तासात मराठी नाही, इंग्रजी नाही, वही नाही. फळे मांडा, विळी आणा, चिरा, वाटा, खा, भांडा, सारे फ्रेंचमध्ये. चुकले तर चुकू द्या. बाई अडखळल्या तर पोरांबरोबर अडखळोत. केळी आणि पेरू मी माझ्या खर्चाने आणीन. अर्जाला उत्तर आलेले नाही. सुटीनंतर शाळा उघडली की पुन्हा विचारणार आहे.