ठोके उतरले, पण रक्तदाबाचे काय?

अतिदक्षता विभागात मॉनिटरवर दीडशेपर्यंत गेलेले हृदयाचे ठोके एस्मोलॉल हे ठोके मंदावणारे औषध शिरेतून सुरू केल्यावर काही मिनिटांत खाली येऊ शकतात. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. परिचारिकेची नजर मात्र रक्तदाबाच्या आकड्यावर खिळलेली असते, आणि तेच योग्य आहे.

रक्तदाब घसरणे हा या औषधाचा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम. रुग्णाला घाम फुटतो, गरगरते. सुई टोचलेल्या जागी आग होते, सूज येते. ठोके गरजेपेक्षा मंदावू शकतात, दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात. एस्मोलॉलचे रक्तातले प्रमाण सुमारे 9 मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे ते थांबवताच परिणाम लवकर ओसरू लागतो. त्याच गटातल्या, पण जास्त काळ टिकणाऱ्या मेटोप्रोलॉलमध्ये ही सोय नाही.

चीनमधल्या ‘कमिट’ अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेले 45,852 रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना मेटोप्रोलॉल आधी शिरेतून, मग गोळीने दिले. 2005 मध्ये निष्कर्ष आले: दर हजारी सुमारे 5 जणांचा पुन्हा येणारा झटका टळला, पण रक्तदाब कोसळून शॉकमध्ये जाणारे सुमारे 11 जण वाढले. एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. सरसकट प्रत्येकाला हे इंजेक्शन देण्याचा आग्रह त्यानंतर मागे पडला, हे फार चांगले झाले.

औषध वाईट नाही. निवड चुकली तर ते महागात पडते. म्हणून दमा, मंद नाडी, हृदयाची कमजोरी आणि चालू गोळ्या यांची माहिती डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा.