खणांचे घर आणि दगडांची यादी

सिंदखेड राजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा आणि लोणारचे दैत्यसूदन मंदिर ही नावे बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस पाठ असतात. दगड टिकतो, आणि टिकलेल्या दगडास कायद्याचे संरक्षणही लाभते. परंतु ज्या लाकडी सांगाड्याच्या वाड्यांत आणि चावड्यांत सामान्य जनांचे आयुष्य गेले, त्यांची दखल क्वचितच कोणी घेतो. असा वाडा पडतो तेव्हा त्यातील सागवान विकले जाते, आणि गावाच्या दृष्टीने विषय तेथेच संपतो.

वस्तुतः या बांधणीत पिढ्यांचे शहाणपण होते. दोन खांबांमधील अंतर तो खण. घराचा विस्तार खणांतच सांगितला जाई. खांब थेट मातीत न पुरता दगडी उथळ्यावर उभा करीत, म्हणजे ओल वर चढत नसे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर मातीचे धाबे. सांधे कुसू घालून बसविलेले असत. छताचा भार खांबांनी पेलायचा, भिंतींनी केवळ आडोसा करायचा, हे या रचनेचे मर्म होय.

या मर्माची परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात झाली. जाड दगडी भिंती आणि छतावरील मातीचे ओझे यांनी हजारोंचे प्राण घेतले, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला, अशी घरेही तेथे आढळली. दोष आणि गुण एकाच घरात होते. आपण मात्र दोषाबरोबर गुणालाही निरोप दिला.

इंग्लंडमधील खेड्यांत लाकडी चौकटीची जुनी मद्यगृहे आहेत. त्यांचा राजघराण्यांशी संबंध असो वा नसो, १९४७ च्या नगररचना कायद्याने सुरू झालेल्या संरक्षित वास्तूंच्या यादीत त्यांतील अनेकांना स्थान मिळाले. मद्याचा भाग वगळला, तर आपली चावडी फारशी वेगळी नव्हती. तेथे सारा भरला जाई, तंटे ऐकले जात आणि गावची सुखदुःखे बोलली जात.

प्रत्येक जुना वाडा जतन करावा, अशी मागणी अव्यवहार्य ठरेल. ज्याच्या डोक्यावर छत गळते त्यास वारशाचे प्रवचन ऐकविणे हा क्रूरपणाच होय. परंतु पाडण्यापूर्वी मोजणे आणि रेखाटणे यास फारसा खर्च येत नाही. ग्रामपंचायतीने अशा वास्तूंची नोंद ठेवावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून त्यांचे आराखडे काढून घ्यावेत, वृद्ध सुतारांची माहिती लिहून घ्यावी. लाकूड विकून चार पैसे मिळतात; ते कसे जोडले होते हे ज्ञान एकदा गेले की कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.