फोनवर मुलाखत आहे? आधी कुलर बंद करा



घरी बसून काम ही आपल्या वस्त्यांना नवी गोष्ट नाही. नागपूर-कामठीच्या कितीतरी घरांत आजीच्या मांडीवर विडीचे सूप असे. तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी यायचा, वळलेल्या विड्या परत जायच्या, हजारामागे मजुरी ठरलेली. त्या कामाला मुलाखत नव्हती. हात किती चालतो एवढेच पाहिले जाई. आज त्याच घरातली नात पदवीधर आहे. एखाद्या कंपनीच्या ग्राहकांचे फोन घरूनच घ्यायचे किंवा बिलांची नोंद संगणकावर करायची, असे काम तिला हवे आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशी कामे आपल्याही कानावर येऊ लागली. अर्ज जातो आणि एक दिवस मोबाईलवर निरोप येतो, "उद्या दुपारी तीन वाजता फोनवर मुलाखत." तिथून पोटात गोळा येतो.

दुपारी तीन म्हणजे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि घरात कुलरची घरघर. आपल्याला तिची सवय झालेली असते, पलीकडच्याला मात्र कारखान्यात फोन लावल्यासारखे वाटते. तेव्हा वीस मिनिटे कुलर बंद ठेवा. आधी खोली गार करून घ्या, मानेवर ओला रुमाल ठेवा. फोनवर कोणी पाहत नाही. टिनाच्या छपराखाली आवाज तुटत असेल तर एक दिवस आधी घरात फिरून कुठे नीट ऐकू येते ते बघा. दाराशी, जिन्यावर, नाहीतर शेजारच्या पक्क्या घरात. शेजारणीला आधी विचारून ठेवायला लाज कसली? मोबाईल पूर्ण चार्ज असावा. घरातल्यांना वेळ सांगून ठेवा, नाहीतर नेमके त्याच वेळी कोणीतरी "चहा ठेवला का?" म्हणून हाक मारते.

फोनच्या मुलाखतीत एक सोय आहे, समोर कागद ठेवता येतो. पण त्यावर निबंध लिहू नका. वाचून दाखवलेले लगेच ओळखू येते. शिक्षण आणि त्याचे वर्ष, केलेली कामे, संगणकावर काय काय येते, दिवसाचे किती तास देऊ शकता, एवढेच मोठ्या अक्षरात लिहा. "मी काहीच केलेले नाही" असे म्हणणाऱ्या बहिणींना थोडे विचारले की निघते, दोन वर्षे बचत गटाचा हिशेब हिनेच ठेवला, बँकेत पैसे हिनेच भरले, थकलेल्या हप्त्यासाठी दारोदारी बोलायलाही हीच गेली. फोनवर ग्राहकाला समजावण्याच्या कामाला यापेक्षा वेगळा अनुभव कोणता हवा? तो वर्षासकट सांगा. लग्नानंतर चार वर्षे घरी असाल तर तसेच सांगून पुढच्या वाक्याला जा. त्यावर खुलासे देत बसण्याची गरज नाही.

बोलीची भीती अनेकींना वाटते. "मी करून राहिली" हे आपले नागपुरी बोलणे आहे, त्यात वाईट काही नाही. मात्र ग्राहक सातारचा किंवा इंदूरचाही असू शकतो, म्हणून मुलाखतीत जरा सावकाश आणि पुस्तकी वळणाने बोलावे. आदल्या रात्री बहिणीला दुसऱ्या खोलीतून फोन लावायला सांगून दोनदा सराव केला तरी जीभ मोकळी होते. प्रश्न ऐकू आला नाही तर "कृपया पुन्हा सांगता का?" असे विचारावे. अंदाजाने उत्तर देऊ नये.

आता ज्या प्रश्नाला आपली मुलगी अडखळते तो. "घरी कोण कोण असतं? वडील काय करतात? घरची पार्श्वभूमी सांगा." हा प्रश्न नेहमीच निरागस नसतो. अमरावती जिल्ह्यातून गेलेले अर्थतज्ज्ञ प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच निघाला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की 'घरची पार्श्वभूमी' हा प्रश्न ते महत्त्वाचा मानतात. म्हणजे बोलावणे आले, एक दार ओलांडले, तरी दुसऱ्या दारावर हा प्रश्न उभा असतो.

आडनाव लपवा असे मी मुळीच म्हणणार नाही. उत्तर मात्र कामाच्या बाजूने द्यावे. "घरी सासूबाई, मिस्टर आणि दोन मुले. सकाळी दहा ते दोन मुले शाळेत असतात, नंतर सासूबाई पाहतात. त्या वेळेत मला कोणी हाक मारत नाही." घरून काम देणाऱ्याला हेच कळायला हवे असते. वडिलांचे काम विचारलेच तर एका वाक्यात, खणखणीत आवाजात सांगा. ऑटो चालवतात, मजुरी करतात, एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ पासून जिच्या भोंग्यावर या शहराचा दिवस चालला त्या मिलचे नाव घेताना आवाज का पडावा? त्यापुढे जातीचीच चौकशी सुरू झाली तर "याचा या कामाशी संबंध कसा, ते सांगाल का?" एवढे शांतपणे विचारता येते.

शेवटी ते म्हणतात, "तुम्हाला काही विचारायचं आहे?" बहुतेक जणी "नाही सर" म्हणून फोन ठेवतात. इथे आजीची आठवण ठेवा. वळलेल्या विड्यांतून ठेकेदाराचा माणूस 'छाट' काढायचा आणि तेवढी मजुरी बुडायची. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ते उगीच नव्हे. आजच्या घरबसल्या कामातही छाट असते, फक्त तिला 'चुकांचे प्रमाण' म्हणतात. म्हणून विचारा: पगार महिन्याचा की नगावर? कोणत्या तारखेला? चूक कोण ठरवणार आणि तिचे पैसे कापणार का? भविष्य निर्वाह निधी आहे का? संगणक आणि इंटरनेटचा खर्च कोणाचा? नेमणुकीचे पत्र केव्हा मिळेल?

आणि कोणी नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत म्हणून आधी पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा, बोलणे कितीही गोड असो. माहिती-नोंदणीच्या नावाखाली आठवडाभर काम करून घ्यायचे, सगळे चुकीचे ठरवायचे आणि वर वकिलाच्या नोटिशीची धमकी देऊन पैसे उकळायचे, असाही धंदा चालतो. घाबरून पैसे भरू नका. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. आधार कार्डाचा फोटो, बँकेचा तपशील लेखी नेमणुकीआधी पाठवू नये. मोबाईलवर आलेला गुप्त आकडा तर कोणालाच सांगायचा नाही.

फोन ठेवल्याबरोबर बोलणाऱ्याचे नाव, वेळ आणि सांगितलेला पगार त्याच कागदावर लिहून ठेवा. मग कुलर लावा.