ओसरीवरून : मनाचें दुखणें आणि घरची भाषा

घरांत कोणास ताप चढला तर साऱ्या घराची धांवपळ उडते. एक जण डॉक्टरांस बोलावूं जातो, दुसरा कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवीत बसतो, शेजारणी काढा पाठवितात, आणि पुढें चार दिवस भेटेल त्यास आपण त्या तापाचें वर्तमान सांगत असतों. पण त्याच घरांत एखाद्या सुनेची झोंप महिनामहिना उडालेली असावी, एखादा हुशार मुलगा खोलीचें दार लावून बसूं लागावा, किंवा नोकरींतून निवृत्त झालेल्या आजोबांचें अन्नावरचें मन उडावें, तर तें वर्तमान उंबऱ्याबाहेर जात नाहीं. आंतल्या आंत मात्र त्यास नांवें ठेवलीं जातात. एकाच्या मतें तो स्वभाव, दुसऱ्याच्या मतें आळस, तिसऱ्याच्या मतें बाहेरची बाधा. ज्या दुखण्यास घरांत धड नांवहि नाहीं, त्यावर उपचार व्हावा कसा?

हें झांकण्याचें कारण उघड आहे. ‘उद्यां मुलींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत’ ही भीति अजून आपल्या घरांतून गेलेली नाहीं. परंतु हें दुखणें वाटतें तितकें विरळ नाहीं. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत पाहणी केली. तंबाखूखेरीज इतर व्यसनें धरून प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें १०·६ व्यक्तींस त्या वेळीं कोणता तरी मानसिक विकार असल्याचें तींत दिसून आलें. आणि यांतील बहुतेकांस कोणताच उपचार मिळत नव्हता. म्हणजे दहा प्रौढ माणसांच्या एकत्र कुटुंबांत एकाची पाळी आली तर त्यांत नवल तें काय?

आपल्या पूर्वजांस मात्र हा विषय बोलण्यास लाज वाटली नाहीं. चरकसंहितेंत उपचाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, व्रत इत्यादि उपाय तें दैवव्यपाश्रय. आहार व औषध यांची विचारपूर्वक योजना तें युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकारक विषयांपासून मनास आवरणें तें सत्त्वावजय. त्याच ग्रंथांत उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे. भगवद्गीतेच्या तर पहिल्या अध्यायाचें नांवच विषादयोग. अर्जुनाचीं गात्रें शिथिल होतात, तोंडास कोरड पडते, अंगास कांपरें सुटतें, हातांतून धनुष्य गळतें. मनाचा शोक सर्व शरीराच्या द्वारें बोलतो. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. भगवंतांनीं अर्जुनास आधीं दटावूनच पाहिलें. त्यानें भागलें नाहीं. तेव्हां त्याच्या एकेका शंकेस उत्तर देत पुढें सतरा अध्यायांचा संवाद चालला. आपल्या घरांत उपचार बहुधा त्या दटावणीपाशींच थांबतो. आणि आमच्या नाशिकजवळच्या टाकळीस ज्यांनीं बारा वर्षें तपश्चर्या केली असें परंपरा सांगते, त्या समर्थ रामदासांनीं पुढें आपल्या मनालाच ‘सज्जन’ म्हणून हांक मारली आणि त्याची समजूत घातली. मनास शिवी न देतां त्याच्याशीं बोलतां येतें, ही जाण आपल्याकडे जुनी आहे.

याचा अर्थ, आजचें सारें मानसशास्त्र आपल्या पोथ्यांत होतेंच, असा मात्र कोणीं करूं नये. पोथीवरून औषधाची मात्रा कळत नाहीं. सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं बोलण्यानें मन बरें करण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. परकी वाटते ती तिची आजची पद्धति. ही पद्धति युरोप-अमेरिकेंत वाढली. एका अनोळखी माणसासमोर ठराविक वेळ बसावें, आपल्या मनांतलें स्वतःच्या तोंडानें सांगावें, आपले निर्णय आपणच घ्यावे, अशी तिची धाटणी. वडिलांस विचारल्यावांचून घर बदलावयाचें नाहीं, हें ज्याला कर्तव्य वाटतें, त्याचें तें कर्तव्य परदेशच्या समुपदेशकास दुबळेपणा वाटण्याचा संभव असतो. ज्यांचीं मुलें आज लंडनला किंवा न्यूजर्सीस आहेत, त्यांस हें सहज समजेल. ही उणीव तिकडील जाणत्यांच्याहि ध्यानांत आली. अमेरिकेंतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघानें २०१३ सालीं आपल्या निदानग्रंथाच्या पांचव्या आवृत्तींत सोळा प्रश्नांची एक मुलाखत घातली. तुम्ही या त्रासास काय म्हणतां, तुमच्या माणसांस तो कसा सांगाल, तो कशामुळें झाला असें तुम्हांस वाटतें, आजवर कोणाकोणाची मदत घेतली, अशा अर्थाचे ते प्रश्न आहेत. निदानाच्या आधीं रोग्याची भाषा ऐकावी, हा त्यांतील भाव.

ही भाषा ऐकून काय साधतें याचें उत्तम उदाहरण आपल्या शेजारीं, गोव्यांत, घडलें. तेथें १९९६ सालीं डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं ‘संगाथ’ ही संस्था स्थापन केली. दवाखान्यांत येणारी बाई ‘मला नैराश्य आलें आहे’ असें कधीं म्हणत नाहीं. डोकें जड झालें, अंग मोडून येतें, अशक्तपणा फार, छातींत धडधडतें, अंगावरून पांढरें जातें, हीं तिचीं गाऱ्हाणीं. त्यावर शक्तीच्या गोळ्या मिळतात, आणि ती तशीच परत जाते. या मंडळींनीं काय केलें? गांवांतल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तींस शिकवून आरोग्य-समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसविलें. मनोविकार, वेड असले शब्द टाळले आणि लोकांच्या तोंडीं रुळलेला ‘टेन्शन’ हाच शब्द धरला. देहाच्या तक्रारीस ‘हें सारें मनाचें खूळ’ असें न म्हणतां, मनावरचा भार देहावर कसा उतरतो तें समजावून सांगितलें. गरज पडेल तेथें औषध व तज्ज्ञ डॉक्टर यांची जोड होतीच.

या योजनेस ‘मानस’, म्हणजे ‘मनःशांति सुधार शोध’, असें नांव होतें. चोवीस दवाखान्यांतील २,७९६ रोग्यांवर तिची परीक्षा झाली व निष्कर्ष २०१० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांत ज्यांस ही मदत मिळाली त्यांपैकीं शेंकडा सुमारें ६६ रोगी सहा महिन्यांनीं बरे झालेले आढळले. जेथें मदत नव्हती तेथें ही संख्या ४२ च्या आसपास होती. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाहीं. पुढें तीव्र नैराश्याच्या रोग्यांसाठीं याच संस्थेनें सहा ते आठ बैठकांचा एक उपचार बसविला. खिन्न माणूस म्हणतो, उत्साह आला म्हणजे उठेन. हा उपचार म्हणतो, आधीं थोडें उठा, उत्साह मागून येईल. तुळशीस पाणी घालणें, देवळापर्यंत चार पावलें जाणें, जुन्या मैत्रिणीची चौकशी करणें, असल्या लहान गोष्टींपासून आरंभ करावयाचा, आणि ज्या अडचणी सुटण्यासारख्या असतील त्या एकेक करून सोडवावयाच्या. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रोग्यांवर याची परीक्षा झाली. २०१७ सालीं छापलेल्या निष्कर्षाप्रमाणें तीन महिन्यांनीं या उपचाराचे शेंकडा ६४ रोगी नैराश्यांतून बाहेर आले होते, इतरांपैकीं ३९. अमरावती जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठीं याच धर्तीवर ‘विश्राम’ ही योजना झाली. तेथील तीस खेड्यांत नैराश्य असलेल्यांपैकीं मदत घेणारे पूर्वीं शेंकडा चार होते, ते सत्तावीसपर्यंत गेले. रोगी तेच, गांव तेंच. सांगण्याची रीत तेवढी बदलली.

आतां ठाण्याकडे वळूं. तेथें डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० सालीं मानसिक आरोग्याची संस्था काढली. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धति मांडली, ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनीं एलिसशीं दीर्घकाळ पत्रव्यवहार करून इकडे आणली. मराठींत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. तिचें मर्म मास्तराच्या भाषेंत सांगतों. माणसास दुःख होतें तें नुसत्या घटनेनें नव्हे, तर त्या घटनेविषयीं त्यानें मनांत धरलेल्या हट्टानें. ‘मुलाचा पहिला नंबर आलाच पाहिजे’, ‘सर्वांनीं मला चांगलें म्हटलेंच पाहिजे’, या वाक्यांतील ‘च पाहिजे’ हा रोगाचा कांटा. त्या जागीं ‘यावा अशी माझी इच्छा आहे, न आला तर वाईट वाटेल, पण तेवढ्यानें जग बुडत नाहीं’ असें म्हणतां येऊं लागलें, म्हणजे कांटा निघाला. आज्ञार्थ सोडून विध्यर्थानें बोलावयाचें, इतकाच हा व्याकरणाचा पाठ! विवेक हा शब्द ज्या समाजाच्या कीर्तनांत व पोथींत रोज कानांवर पडतो, त्याला ही परदेशी पद्धति परकी वाटण्याचें कारण नाहीं.

इथवर वाचून कांहीं वडीलधारे म्हणतील, ‘छान झालें, उपचार आपल्या संस्कृतीस धरून असावा, हेंच आम्ही म्हणत आलों.’ त्यांस येथें थोडें थांबवावें लागेल. कुटुंब हें औषध आहे हें खरें. अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रोग्यांच्या नातेवाइकांस आवारांतच तंबू देऊन ठेविलें व उपचारांत सामील करून घेतलें. वेल्लोरलाहि १९५७ पासून रोग्यासवें घरचीं माणसें राहूं लागलीं. पण त्याच कुटुंबाचें विषहि होऊं शकतें. चंदीगड येथें झालेल्या व १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें, कीं लंडनच्या मानानें आपल्याकडील नातेवाईक रोग्यास कमी टोंचून बोलतात. ही आपली जमेची बाजू. परंतु ज्या घरांत रोग्याविषयीं वैरभाव होता तेथें दुखणें उलटण्याची भीति अधिक, हेंहि त्याच अभ्यासांत दिसलें.

एक प्रसंग कल्पनेनें डोळ्यांसमोर आणा. सुनेस घेऊन सासूबाई, मामंजी व यजमान असे तिघेहि डॉक्टरांच्या खोलींत शिरतात. डॉक्टर विचारतात सुनेस, उत्तर देतात सासूबाई. सून मान खालीं घालून ‘सर्व ठीक आहे’ म्हणते. घरीं परत येतांना सर्व जण समाधानी असतात, कीं डॉक्टरांनासुद्धां कांहीं सांपडलें नाहीं! आणि समुपदेशकानें तिला ‘जरा जुळवून घ्या’ एवढाच सल्ला दिला, तर त्यास कोणी संस्कृतीची जाण म्हणेल. तो उपचार मात्र नव्हे. मारहाण, अपमान किंवा कोंडमारा यांना संस्कृति हें नांव देऊन चालणार नाहीं. उपचार आपल्या भाषेंत असावा. आपल्या सोयीचा असूं नये. या दोन गोष्टींतला भेद ज्या घरास कळला, त्या घरांत रोगी लवकर सांवरतो.

कायद्यानेंहि हा भेद ओळखला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचा त्यास हक्क आहे, आणि आपल्या वतीनें बोलणारा प्रतिनिधि प्रौढ रोग्यास स्वतः नेमतां येतो. तो घरांतला वडीलच असला पाहिजे असें नाहीं. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखालीं असलेला मानावा, शिक्षा करूं नये, असेंहि तो कायदा सांगतो.

राहिला प्रश्न देवधर्माचा. आमच्या त्र्यंबकेश्वरीं नारायण-नागबळीसाठीं व त्रिपिंडी श्राद्धासाठीं जीं कुटुंबें येतात, त्यांत घरच्या अशा दुखण्यानें गांजलेलींहि असतात. श्रद्धेनें कोणाच्या मनास धीर येत असेल तर त्याची थट्टा करण्याचें कारण नाहीं. चरकानेंहि दैवव्यपाश्रयास स्थान दिलें. पण युक्तिव्यपाश्रय त्याच्या शेजारीं ठेविलें, हें विसरूं नये. विधि करा, पण त्यापायीं चालू औषध बंद करूं नका. नुसत्या श्रद्धेच्या भरंवशावर माणसास बांधून ठेवल्यानें काय होतें तें तमिळनाडूंतील एरवाडीस ६ ऑगस्ट २००१ रोजीं दिसलें. आगींत सांखळदंडांनीं जखडलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून गेले. उलट गुजरातेंत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यांत दुआ मागावयास आलेल्यांस तेथेंच डॉक्टरांची दवाहि मिळावी, अशी सोय करण्यांत आली. हा मार्ग शहाणपणाचा.

तेव्हां गृहस्थांनीं व गृहिणींनीं चार गोष्टी कराव्या. घरांत कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, निद्राहीन किंवा अबोल दिसलें, तर ‘तुला काय कमी आहे?’ असें न विचारतां ‘झोंप कशी लागते?’ असें विचारावें. ओळखीच्या डॉक्टरांकडून जिल्हा रुग्णालयांतील किंवा बाहेरील मानसोपचारतज्ज्ञांकडे जावें. सोबत अवश्य जावें, पण रोग्यास डॉक्टरांशीं एकट्यानें बोलूं द्यावें. आणि बाहेर आल्यावर ‘काय सांगितलेंस?’ हा प्रश्न गिळून टाकावा. जगणें नको झाल्याची भाषा कोणी बोललें तर ती धमकी समजूं नये. त्यास एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं मदत मिळवावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनि-सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, मराठींतहि बोलतां येतें आणि पैसे पडत नाहींत. ओसरीवरच्या दिनदर्शिकेवर गॅसवाल्याचा क्रमांक आपण लिहून ठेवतोंच; त्याच्या खालीं हाहि लिहून ठेवावा.