बोट स्वस्त, सुट्टी महाग

मुंबईहून गोव्याला बोटीने जायचे, मुलांना दोन रात्री समुद्रावर न्यायचे, अशी हौस आता नाशिकच्या मध्यमवर्गीय घरांतही बोलून दाखवली जाते. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही प्रवासी बोट सुरू झाली, सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' आली आणि क्रूझ हा शब्द शहरातल्या सिडको-इंदिरानगरपर्यंत पोहोचला. पाठोपाठ येणारा प्रश्न एकच: सर्वांत स्वस्त कधी पडते?

उत्तर अवघड नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि नववर्षाची गर्दी ओसरली की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्यातही शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीला जोडून येणारे दिवस टाळावेत. या काळात हवा कोरडी असते, समुद्र बहुधा शांत असतो आणि बोटीवर जागा असते. बोट सुटताना जी खोली रिकामी राहिली तिचे पैसे कायमचे बुडाले. म्हणून गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा कंपनी दर उतरवते आणि सुट्टीत तेच दर चढवते.

मात्र जाहिरातीतला आकडा म्हणजे खर्च नव्हे. तो बहुधा एका खोलीत दोघे धरून माणशी दिलेला असतो. बंदर शुल्क, जीएसटी आणि टीप यांची बेरीज अनेकदा शेवटच्या पानावर होते. त्याच खोलीत तिसरा-चौथा प्रवासी घेतला तर त्याचे भाडे पुष्कळदा कमी लागते, म्हणून चौघांच्या कुटुंबाने दोन खोल्या घेण्याआधी हे विचारून घ्यावे. प्रवास रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, तेही पैसे भरण्यापूर्वी वाचावे. नाशिककरांची एक सोय आहे. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस धरली की दुपारच्या आत सीएसएमटी येते आणि बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून जवळच आहे. बोट दुपारनंतर सुटणार असेल, तर आदल्या रात्रीच्या हॉटेलचा खर्च वाचतो.

पावसाळ्यात मात्र पश्चिम किनाऱ्यावर स्वस्ताई शोधू नये. कोकणच्या जुन्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा सुरू होत. आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ही आठवण किनाऱ्यावर अजून ताजी आहे. आताची 'कॉर्डेलिया'ही गेल्या काही वर्षांत पावसाळ्यापुरती चेन्नईकडे नेली गेली आहे. समुद्राचे वेळापत्रक समुद्रच ठरवतो, त्यात आपला इलाज नाही.

आपल्या हातातले वेळापत्रक दुसरेच आहे, आणि खरी अडचण तिथे आहे. वर सांगितलेले स्वस्त दिवस नेमके शाळेचे दिवस आहेत. नोव्हेंबरअखेर दुसरे सत्र सुरू झालेले असते, जानेवारी-फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षांची धास्ती असते. सुट्टी मिळते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, साऱ्या राज्याला एकदमच. साहजिकच भाडे चढते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराची कोंडी आणखी मोठी आहे. ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर दिवाळीत फवारण्या थांबवता येत नाहीत, जानेवारीपासून काढणी आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. मुलांना सुट्टी असते तेव्हा बाप बागेत असतो. त्यातल्या त्यात सवड होते ती पावसाळ्यात, तेव्हा शाळा भरलेली आणि अरबी समुद्र बंद.

म्हणून 'स्वस्त महिना कोणता' यापेक्षा 'सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी का' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. फ्रान्सने देशाचे तीन विभाग पाडून हिवाळी आणि वसंतातल्या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत दिल्या आहेत. जर्मनीत राज्याराज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या पुढेमागे सुरू होतात. आपल्याकडेही हे अशक्य नाही. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, म्हणजे प्रदेश पाहून तारखा बदलण्याचा पायंडा आपणच पाडलेला आहे. शिक्षण हक्क कायद्याला पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस हवे आहेत. तेवढे दिवस भरून हिवाळ्यात विभागवार एक आठवडा मोकळा ठेवणे अवघड नाही. तो मे महिन्याच्या सुट्टीतून वळता करावा. बोटीचेच नव्हे, कोकणातल्या खोलीचे, एसटीच्या आरक्षणाचे आणि रेल्वेच्या प्रतीक्षायादीचेही ओझे त्याने हलके होईल. हंगाम लांबल्याने किनाऱ्यावरच्या घरगुती खाणावळींनाही चार दिवस जास्त काम मिळेल.

आई, बाप आणि मुले एकत्र मोकळी असतील असे चार दिवस ही चैन नाही, घराची गरज आहे. ती भागवायला आज वर्षातल्या सर्वांत महाग तारखाच हाती येतात. शिक्षण विभागाने पुढच्या वर्षाचे सुट्ट्यांचे पत्रक काढण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्याचे पीक, हवा आणि पालकांची सोय विचारात घ्यावी, आणि याची सुरुवात नाशिक जिल्ह्यापासून करावी.