जुनी प्रणाली का सुटत नाही?

बसवनगुडीच्या गांधी बाजारातील एखाद्या दुकानात विंडोज १० वर चालणारा जुना संगणक आजही निमूटपणे राबत असतो. या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित सुरक्षा-पुरवठा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांवर चालत नाही. लिनक्स चालते, आणि तेही विनामूल्य. तरी दुकानदार जागचा हलत नाही.

यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचा हिशेब ‘टॅली’त असतो, ही आज्ञावली बंगळूरच्याच कंपनीची, परंतु विंडोजसाठी रचलेली. जुनी पत्रे युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकलेली. तो फाँट नसेल तेथे कन्नड काय नि मराठी काय, अक्षरांचा नुसता गोंधळ होतो. प्रणाली फुकट मिळते, साठलेले काम फिरवून घेणे फुकट होत नाही. लिनक्सचे पुरस्कर्ते हे सहसा विसरतात.

तेव्हा प्रथम लेखन युनिकोडमध्ये आणावे आणि लिबरऑफिस विंडोजवरच वापरून पाहावे. ते दोन्हीकडे चालते. इन्स्क्रिप्ट कळफलकही दोन्हीकडे मिळतो. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स काही दिवस चालवावे. ते संगणकात बसविल्याशिवाय मूळ प्रणाली जागची हलत नाही. हिशेबाचा प्रश्न मात्र उरतोच. तो सुटेपर्यंत निदान त्या जुन्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि हिशेबाची एक प्रत वेगळी ठेवावी.